सारख्या गतीची किंमत



टर्नटेबल नावाच्या यंत्राला काम एकच आहे. बारा इंची तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांनी फिरवावी, ती गती पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत केसभरही ढळू देऊ नये, आणि हे करताना यंत्राने स्वतःचा आवाज काढू नये. ऐकायला काम सोपे वाटते. पण माणसाच्या हाताला ते साधायला १८७७ पासून जवळजवळ शंभर वर्षे लागली. आणि ज्यांनी ते साधले त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही यंत्रावर लिहिलेली नाहीत.

आम्ही फाटकसभांत बोलणारे. संगीतावर बोलण्याचा अधिकार आमच्याकडे नाही आणि तो आम्ही मागतही नाही. पण यंत्र हा आमचा विषय आहे. लेथवर शाफ्ट कसा उतरतो, बेअरिंग कशाने ओरडते, चांगला फिटर हात लावून काय ओळखतो, हे आम्ही शाळेत शिकलो नाही. कामगारांच्या संगतीत आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलो. अलीकडे तरुण मंडळी आमच्याकडे येऊन विचारतात, "लाख-दीड लाख साठवले आहेत. रेकॉर्ड ऐकायचे पहिलेच यंत्र घ्यायचे आहे, पण घ्यायचे तर चांगले. कोणते घ्यावे?" हा प्रश्न चैनीचा म्हणून उडवून लावणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. ज्याचे बोनस मोजून येतात त्याने लाख रुपये खर्चायचे म्हणजे ती गंभीर गोष्ट आहे. शिवाय असे विचारणारा तो एकटा नाही. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नाहून अधिक झाले. असे १९८६ नंतर प्रथमच घडले. वडिलांनी रद्दीवाल्याला वजनावर घातलेल्या तबकड्या मुलगा आज नगावर विकत घेतो आहे.

त्याला आम्ही यंत्राचे नाव सांगत नाही. आधी विचारतो, की बाबा, तू पैसे कशाचे देतो आहेस ते तुला माहीत आहे का? त्याचे उत्तर या यंत्राच्या इतिहासात आहे.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्यात नळकांडे होते आणि ते हाताने फिरवायचे. एमिल बर्लिनर या हॅनोव्हरहून अमेरिकेत गेलेल्या गृहस्थाने १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट मागितले. त्याची पहिली यंत्रेही हातानेच फिरत. म्हणजे गायकाची पट्टी कोणती हे फिरवणाऱ्याच्या मनगटावर ठरे! फिरवणारा दमला की गाणाराही दमला. हा खेळण्यातला प्रकार १८९६ साली संपला. न्यू जर्सीतील कॅम्डेन गावी एल्ड्रिज जॉन्सन नावाचा एक यंत्रकारागीर दुरुस्तीचे दुकान चालवीत असे. त्याने बर्लिनरच्या यंत्राला चावीची, म्हणजे स्प्रिंगची मोटर बसवली आणि तिच्यावर गव्हर्नर घातला. गव्हर्नर म्हणजे फिरत्या दांड्यावर पातळ पट्ट्यांनी अडकवलेली लहान वजने. गती वाढली की ती बाहेर फाकतात, एक चकती ओढून घेतात, चकती चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीला घासते आणि गती पुन्हा उतरते. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या एंजिनावर बसवलेल्या गव्हर्नरचाच हा नातू. गव्हर्नर म्हटल्यावर आमच्यासारख्यांच्या मनात सहसा प्रेमाचे विचार येत नाहीत. पण या गव्हर्नरपुढे आम्ही टोपी काढतो. त्याने प्रथमच गायकाला त्याची पट्टी परत दिली.

१९०२ साली गाइसबर्ग कलकत्त्यास आला, गौहरजानचे गाणे मेणात उतरले, त्या वेळी यंत्राची स्थिती एवढी होती. त्या तबकड्या छापण्यासाठी साचे हॅनोव्हरला जात. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे छपाईचा कारखाना निघाला, पुढे तो डमडमला गेला. जुन्या तबकडीचा मुख्य बांधा लाखेचा, आणि लाख येई ती बहुतांशी आपल्याच देशातून, छोटा नागपूरच्या जंगलांतून. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवरून किड्यांची लाख खरवडणारे आदिवासी हात नसते तर लंडन-न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत गाणे वाजले नसते. हे वाक्य कोणत्याही कंपनीच्या इतिहासात आम्हांला ठळक छापलेले आढळले नाही, म्हणून येथे सांगून ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात ही लाख अमेरिकेला मिळेनाशी झाली. १९४२ साली तेथील सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लादली आणि कारखानदार दुसऱ्या पदार्थाकडे वळले. तो पदार्थ म्हणजे व्हिनाइल.

२१ जून १९४८ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग रेकॉर्ड लोकांपुढे ठेवली. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीत एका बाजूला तीन-चार मिनिटे मावत. हिच्यात वीस मिनिटांहून अधिक. तेहतीसची गती मात्र नवी नव्हती. १९२६ साली बोलपटांसाठी ज्या मोठ्या तबकड्या निघाल्या, त्या चित्रपटाच्या एका रिळाइतका वेळ वाजाव्यात म्हणून ही गती ठरली होती. आपल्या संगीताला या वीस मिनिटांचे मोल फार. १९५५ साली अली अकबर खाँ यांची सरोदची एलपी न्यूयॉर्कमध्ये निघाली, येहुदी मेन्युहिनने तिची ओळख करून दिली, आणि राग तीन मिनिटांत गुंडाळावा लागत नाही हे परदेशी श्रोत्याने प्रथम घरबसल्या ऐकले.

पण येथेच यंत्राची परीक्षा सुरू झाली. एलपीची खाच जुन्या खाचेच्या मानाने फारच बारीक. खाचेतली नक्षी लहान, म्हणून सुईतून येणारा विद्युतप्रवाह लहान, म्हणून तो कितीतरी पटींनी वाढवायचा. आणि वाढवायचा म्हणजे त्याबरोबर मोटरची घरघरही वाढणार. शिवाय गती कमी. तेहतीसच्या थाळीची एक फेरी १.८ सेकंदांची. सुईखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर धावते, आत लेबलाजवळ सुमारे २१. वीस मिनिटांत सुई चारशे मीटरांहून अधिक चालते. एवढ्या वाटेत गती कुठे कमीजास्त झाली तर पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या कल्लोळात ती कदाचित खपून जाईल. तंबोऱ्याच्या षड्जात खपत नाही. विलंबित ख्यालामागे जोडीचे तंबोरे चालू असावेत आणि षड्ज पाण्यावरच्या सावलीसारखा हलावा, ही ज्याच्या यंत्रात गत झाली त्याने रेकॉर्डला नव्हे, थाळीला दोष द्यावा.

या परीक्षेला जे उतरले ते कोण होते? हा भाग आम्हांला फार उद्बोधक वाटतो. ते गवई नव्हते आणि विजेचे पंडितही नव्हते. ते घड्याळजी होते, संगीतपेट्या करणारे होते, तोफांची मापे काढणारे होते. स्वित्झर्लंडमधील सेंट-क्रॉइ या डोंगरी गावात हर्मान थोरेन्सने १८८३ साली संगीतपेट्यांचा धंदा काढला. त्याच कारखान्यातून १९५७ साली टीडी १२४ हे टर्नटेबल बाहेर पडले. जर्मनीच्या काळ्या अरण्यातील सेंट गेओर्गेन हे घड्याळांच्या मुलखातले गाव; तेथल्या कंपनीने १९२७ साली स्प्रिंग आणि वीज दोहोंवर चालणारी जोडमोटर केली आणि त्या जोडीवरून 'ड्युअल' हे नावच घेतले. इंग्लंडात राजघराण्याचे जवाहिरे गॅरार्ड यांनी पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तोफखान्यासाठी अंतरमापक यंत्रे करण्याचा कारखाना काढला. युद्ध संपले, अंतरमापके कोणी घेईना. पण सूक्ष्म काम करणारे हात तयार झाले होते. त्या हातांना ग्रामोफोनच्या मोटरी करायला दिल्या. १९१९ साली कारखाना स्विंडन या रेल्वेच्या गावी गेला. तोफेसाठी शिकलेली कसोटी गाण्याच्या कामी आली, आणि याहून चांगले निःशस्त्रीकरण आमच्या वाचनात नाही.

१९५४ सालापासून निघालेले गॅरार्ड ३०१ हे त्या हातांचे काम. त्याची रचना सांगतो, कारण आजही जुने ३०१ पाहिले की लोक वेडे होतात. मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची पुली. पुलीला टेकलेले एक रबरी चाक. ते चाक थाळीच्या कडेला आतून दाबून थाळी फिरवते. ओतीव बांधा दणकट, मोटर जोरदार. कळ दाबताच थाळी गतीवर येते. नभोवाणीला हेच हवे होते, म्हणून बीबीसीने ही यंत्रे वापरली. दोष एकच: मोटर आणि थाळी यांच्यामध्ये घट्ट दाबलेले रबर, म्हणजे मोटरचा कंप थाळीला पोहोचायला पूल बांधलेलाच. तो कंप कमी ठेवायचा तर मोटरचा रोटर उत्तम तोललेला हवा, बेअरिंग उत्तम घासलेले हवे, रबर उत्तम गोल हवे. म्हणजे सगळा भार कारागिरावर. थोरेन्सने तडजोड काढली. मोटर आणि रबरी चाक यांच्यामध्ये एक छोटा पट्टा घातला. टीडी १२४ च्या अंगातच गती तपासायच्या रेघा आणि समतल पाहायचा पाण्याचा बुडबुडा बसवलेला असे. विकत घेणाऱ्याने यंत्राची परीक्षा रोज घ्यावी असा तो कारखानदार होता. असे कारखानदार थोडे.

मग १९५७-५८ साली स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. एका खाचेत डावा-उजवा दोन्ही आवाज कोरण्याची युक्ती इंग्लंडच्या ॲलन ब्लमलाइनने १९३१ सालीच पेटंट केली होती. स्टीरिओ आल्याने एक घोटाळा झाला. जुनी सुई फक्त आडवी हालचाल ऐके. नवी सुई उभी हालचालही ऐकू लागली. आणि मोटरची घरघर बरीचशी उभीच असते. कालपर्यंत गप्प वाटणारी यंत्रे एका रात्रीत बोलू लागली.

त्यावर तोडगा काढला तो अमेरिकेतील केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील एडगर व्हिल्चर याने. त्याच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचे १९६१ चे टर्नटेबल म्हणजे काटकसरीचा नमुना. थाळी आणि सुईचा आर्म एकाच सांगाड्यावर पक्के जोडलेले. तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तरंगता. मोटर वेगळी, वरच्या पत्र्याला. आणि दोघांमध्ये फक्त एक मऊ रबरी पट्टा. मोटर हलो, टेबल हलो. थाळी आणि सुई हलल्या तर एकत्र हलतील, आणि एकत्र हलल्या तर सुईला काही कळणार नाही. दुकानदार चालू यंत्राच्या पेटीवर हातोडी ठोकून दाखवीत आणि गाणे चालूच राही. किंमत साठ डॉलरांच्या आत. विचार करण्याचे श्रम एकाने केले आणि हजारोंचा पैसा वाचवला. याला आम्ही खरा शोध म्हणतो.

पट्ट्याची ही युक्ती पुढे सर्वत्र पसरली. गिरणगावच्या जुन्या माणसांना यातली पुढची पायरी लगेच समजेल. पूर्वी गिरणीत एक मोठे एंजिन असे, त्यावरून दोरांनी शाफ्ट फिरत, शाफ्टवरून पट्टे सुटत आणि साचे चालत. पुढे प्रत्येक साच्याला स्वतःची मोटर आली. टर्नटेबलात हीच क्रांती जपानात, ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत झाली. शुइची ओबाता या अभियंत्याने पट्टाही नको आणि चाकही नको म्हणून थाळीच्याच दांड्यावर मोटर बसवली. मोटर मिनिटाला तेहतीसच फेरे घेणार. तिची गती विद्युतमंडल सांभाळणार. टेक्निक्स एसपी-१० हे ते यंत्र १९७० मध्ये आले, आणि एसएल-१२०० हे त्याचे घरगुती भावंड १९७२ मध्ये. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क या तरुणाने दोन टर्नटेबलांवर एकाच गाण्याचा तालाचा तुकडा लांबवला आणि हिपहॉपचा जन्म झाला असे मानतात. ती मुले तबकडी हाताने मागेपुढे ढकलीत. त्यांना सोसणारे यंत्र जपानी थेट मोटरीचेच होते. एसएल-१२०० च्या घराण्यातली तीस लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. गरिबांच्या वस्तीत जे टिकले ते यंत्र मजबूत, या निकषावर आमचा विश्वास आहे.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये दोन लहान कंपन्या निघाल्या, दोन्ही १९७३ च्या. ग्लासगोच्या कॅसलमिल्क भागातील एका यंत्रशाळेच्या मालकाचा मुलगा आयव्हर टीफेनब्रन याने लिन एलपी १२ काढले. तरंगत्या सांगाड्याचीच जात, पण थाळीचे बेअरिंग असे घासलेले की त्याचा फार गवगवा झाला. तोपर्यंत दुकानदार सांगत, पैसे स्पीकरवर घाला. टीफेनब्रनने उलटे सांगितले: खाचेतून जे उचललेच नाही ते पुढचा कोणताही स्पीकर निर्माण करू शकत नाही, म्हणून आधी टर्नटेबल. विक्रेत्याचा स्वार्थ त्यात होता हे उघड आहे, तरी तर्क खोटा नाही. दुसरी कंपनी रेगा, एसेक्समधील साउथएंडची. रॉय गँडी हा फोर्ड मोटर कंपनीत काम केलेला माणूस. त्याने स्प्रिंगा काढूनच टाकल्या. हलकी, कडक फळी, काचेची थाळी, पट्टा, आणि १९८३ पासून एकसंध ओतलेला आर्म. या आर्मने महाग कारागिरी मध्यमवर्गीयाच्या हाताशी आणली.

लिनची एक गोष्ट आम्हांला विशेष सांगाविशी वाटते. पट्ट्यावर माल सरकत जावा आणि प्रत्येकाने एकच स्क्रू पिळावा ही पद्धत त्यांनी मोडली. तेथे एक कामगार एक यंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवतो आणि त्यावर त्याचे नाव जाते. संघटनेत आम्ही वर्षानुवर्षे जे बोलत आलो, की एकच स्क्रू पिळणाऱ्याचा हात झिजतो आणि डोकेही झिजते, ते एका मालकाला पटले. त्याच कंपनीने २०२३ साली पन्नाशीनिमित्त पन्नास हजार पौंडांचे टर्नटेबल काढले, २५० नग. त्यातला जुळवणाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न आम्ही सवयीने विचारतो.

१९८२ साली सीडी आली आणि हे सगळे विश्व दहा वर्षांत कोसळले. ड्युअलचे दिवाळे त्याच सुमारास निघाले. स्विंडनचे तर त्याआधीच झाले होते: १९६० साली प्लेसी कंपनीने गॅरार्ड घेतले, १९७९ साली ते ब्राझीलच्या ग्रादिएन्ते कंपनीला विकले, आणि ज्या गावात हजारो माणसे टर्नटेबल करीत तेथे ते काम संपले. कारखाना बंद होतो तेव्हा यंत्रे विकता येतात, इमारत विकता येते, नावही विकता येते. पण ३०१ चे बेअरिंग हाताने जमवणाऱ्या माणसाचा अंदाज कोणत्याही लिलावात येत नाही. तो माणूस दुसऱ्या गावी जातो, किंवा घरी बसतो. हे ज्यांना भावुक वाटते त्यांनी टेक्निक्सचे उदाहरण पाहावे. २०१० साली त्यांनी एसएल-१२०० बंद केले. पुन्हा मागणी आली तेव्हा २०१६ साली ते परत काढताना जुने साचे उपयोगाचे राहिले नव्हते; मोटरसकट यंत्र जवळजवळ मुळापासून उभे करावे लागले, आणि पहिल्या नव्या यंत्रांची किंमत पूर्वीच्या कितीतरी पट झाली. लोक म्हणाले, कंपनी लुटते आहे. आम्ही म्हणतो, खंड पडलेल्या कारागिरीचे बिल असेच येते.

जेथे खंड पडू दिला नाही तेथे काय झाले तेही पाहा. चेकोस्लोव्हाकियात लितोव्हेल गावी टेस्ला या सरकारी उद्योगाचा टर्नटेबलांचा कारखाना होता. राजवट बदलली, कारखाना बुडायला आला. व्हिएन्नाच्या हाइन्त्स लिख्तेनेगर याने तेथल्याच हातांकडून १९९१ पासून प्रो-जेक्ट नावाने स्वस्त, साधी टर्नटेबले करून घ्यायला सुरुवात केली, तीही जग सीडीच्या मागे लागले असताना. आज युरोपात नव्याने रेकॉर्ड ऐकू लागणाऱ्या कितीतरी जणांचे पहिले यंत्र लितोव्हेलचे असते. आणि या इतिहासाचे एक टोक आपल्या पुण्यापर्यंत येते. उत्तम आर्म करणारी ससेक्समधील एसएमई ही कंपनी २०१६ साली पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या कॅडेन्स समूहाने घेतली, २०१८ साली त्याच समूहाकडे गॅरार्डचे नाव आले, आणि ३०१ पुन्हा इंग्लंडात बनू लागले. किंमत मात्र आमच्या श्रोत्यांनी विचारू नये.

आता त्या तरुणाच्या लाख-दीड लाखाकडे येऊ. रुपयातले नऊ-दहा आणे थाळी, बेअरिंग, मोटर आणि आर्म यांवर घालावेत. तीन-चार आणे कार्ट्रिजवर. उरलेले फोनो प्रीॲम्प्लिफायर आणि सुई-तबकडी पुसायच्या सामानावर. फोनोचे बहुतेक जण विसरतात. सुईतून येतात ते हजारांश व्होल्ट, आणि १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाणवक्राने त्यांचा खर्ज उचलून तार उतरवावी लागते. ते काम साध्या ॲम्प्लिफायरला जमत नाही. कार्ट्रिज पहिल्या खेपेला चालत्या चुंबकाचे घ्यावे, ज्याची सुई झिजल्यावर घरी बदलता येते. आर्मवर सुईचा भार सुमारे दोन ग्रॅमवर आणून ठेवता आला पाहिजे. सुटकेसमधली जी रंगीत यंत्रे मिळतात त्यांतल्या पुष्कळांना ही सोयच नसते. अशांवर वडिलांची एलपी लावू नये.

पट्टा घ्यावा की थेट मोटर, यावर माणसे भांडतात. आमचे मत असे: ज्याचे घर जुन्या चाळीत किंवा वाड्यात लाकडी तक्तपोशीवर आहे त्याने तरंगत्या स्प्रिंगांच्या नादी लागू नये. मूल धावले की फळी लवते, स्प्रिंग नाचते आणि सुई उडी मारते; शिवाय त्या स्प्रिंगा जुळवायला जाणता माणूस लागतो आणि तो आपल्या गावात असेलच असे नाही. अशा घरी भिंतीतल्या फळीवर ठेवलेले रेगाच्या जातीचे कडक, हलके यंत्र किंवा टेक्निक्सच्या जातीचे थेट मोटरीचे यंत्र बरे. दोहोंपैकी ज्याचे सुटे भाग जवळ मिळतात ते घ्यावे. पट्टा आमच्या उन्हाळ्यात सैल पडतो. एक जास्तीचा आणून ठेवावा.

लॅमिंग्टन रोडवर किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडून जुने यंत्र मिळत असेल तर एक गोष्ट आधी तपासावी. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची. जुन्या मोटरी विजेच्या आवर्तनांवर चालतात. नुसता ट्रान्सफॉर्मर लावला तर मोटर जळणार नाही, पण तेहतीसची थाळी अठ्ठावीसच्याही खाली फिरेल, आणि काळी पाचमधला गवई पांढरी पाचच्याही खाली उतरेल. गॅरार्डला आणि थोरेन्सला पन्नास आवर्तनांची पुली मिळते, ती बदलून घ्यावी. रबरी चाक गोल आहे का ते बोटाने पाहावे. कित्येक वर्षे कळ दाबलेल्या स्थितीत पडून राहिलेल्या चाकाला खळगा पडतो आणि प्रत्येक फेरीला तो ठोका देतो.

आणि किती पैसे पुरे, हेही सांगतो. १९७९ च्या टेक्निक्सच्या माहितीपत्रकात गतीचा चढउतार ०.०२५ टक्के लिहिला आहे. आता एखाद्या तबकडीचे मधले भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, आणि असे पुष्कळदा असते, तर आतल्या खाचांत गती सुमारे आठ दशांश टक्के कमीजास्त होते. म्हणजे यंत्राच्या दोषाच्या तीसपटींहून अधिक. हे ओळखून नाकामिची या जपानी कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी तबकडी आपोआप मध्यावर सरकवणारे टर्नटेबलच काढले होते. तसले यंत्र आपल्याला परवडणारे नाही. तेव्हा लाख-दोन लाखांपुढे जो पैसा जातो त्यातला बराचसा लाकडाच्या चकाकीत आणि थाळीच्या वजनात जातो. तो ज्याला द्यायचा त्याने द्यावा. सारखी गती त्याआधीच विकत मिळालेली असते.

यंत्र घरी आल्यावर थाळीवर गवंड्याची पाणसळ ठेवून ती दोन्ही दिशांनी समतल करावी. मग गती पाहावी, आणि त्याला यंत्र लागत नाही. कागदाची एक चकती कापून तिच्या कडेने सारख्या अंतरावर १८० काळ्या रेघा माराव्यात आणि मध्ये भोक पाडून ती तबकडीवर ठेवावी. पन्नास आवर्तनांच्या विजेवर जुना चोकवाला ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा मिणमिणतो. त्याच्या उजेडात थाळी बरोबर तेहतीसने फिरत असेल तर त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढे सरकल्या तर गती जास्त, मागे सरकल्या तर कमी. नव्या एलईडी दिव्याखाली हे भरवशाने दिसत नाही, म्हणून जिन्यातला जुना ट्यूबलाइट काढून टाकला नसेल तर ठेवावा. आणि पाहायचे ते सुई खाचेत असताना पाहावे. सुईच्या ओझ्याने थाळी किती उतरते तेही त्यातच दिसते.